आगरातून जाणारी वाट

दापोली तालुक्यातली किनाऱ्यालगतची गावं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना आगरांची मांडणी सांगायला नको. गावातून जाणारा एक अरुंद रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना घरं आणि समुद्राकडच्या घरांमागे नारळी-पोफळीचे पट्टे. पट्टा रुंदीला इतका कमी, की या कडेला उभं राहून त्या कडेच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येतं. लांबीला मात्र तो थेट सुरूच्या बनापर्यंत जातो. दोन आगरांमध्ये चिऱ्यांचा गडगा, नाहीतर काट्यांची वई. ज्याने त्याने आपल्या घरातून निघावं आणि आपल्याच जमिनीतून समुद्र गाठावा, अशी ही मूळ आखणी. मग वाटण्या होतात.

आमच्या दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांत ती झाली. दोघे भाऊ. पट्टा उभा चिरला असता तर दोघांनाही रस्ता मिळाला असता, पण प्रत्येकाच्या वाट्याला पोफळींच्या जेमतेम दोन-तीन ओळी आल्या असत्या. म्हणून तो आडवा तोडला. थोरल्यांना रस्त्याकडचं जुनं घर आणि पुढचं आगर, धाकट्यांना मागचं. धाकट्यांनी मागे घर बांधलं आणि त्याच सुमारास दोघांचं बोलणं बंद झालं. थोरल्यांनी वाट अडवली म्हणून धाकटे तिथून जायचे थांबले, की जायचे थांबले म्हणून तिथे वई आली, ते मला आजतागायत कळलेलं नाही. दोन्ही घरांच्या ओटीवर बसून मी दोन्ही ऐकलं आहे. व्हायचं ते एवढंच झालं, की धाकटे भावोजी आमच्या आगरातून जा-ये करू लागले.

आम्ही दोघं मुंबईच्या नोकऱ्या संपवून इथे राहायला आलो, तेव्हा ती वाट चांगली मळलेली होती. रस्त्यावरून आमच्या खळ्यात, तिथून विहिरीला वळसा घालून, पोफळींच्या मधून तिरकी, गडग्याच्या पडलेल्या भागातून पलीकडे. सकाळी चहा घेत ओटीवर बसावं तर भावोजी खळ्यातून जाताना म्हणायचे, ‘काय वहिनी, आज उशीर?’ चोरून जाणारा माणूस अशी चौकशी करत नाही. मला तर कधीकधी असं वाटायचं, की मीच त्यांच्या वाटेवर खुर्ची टाकून बसले आहे.

आगर न केलेल्या माणसाला यात एवढं काय बिघडलं ते पटकन कळत नाही. मुंबईची मैत्रीण म्हणाली, ‘अगं, जाईना का! तुझं काय झिजतं?’ झिजतं ते असं. पोफळीची मुळं खोल जात नाहीत, वरच्या थरातच पसरतात. दोन पोफळींत साधारण नऊ फुटांचं अंतर असतं. बघणाऱ्याला ते रिकामं दिसतं, पण जमिनीखाली ती जागा झाडाने व्यापलेली असते. रोज तिथून पाय जायला लागले की माती दडपते, पाणी मुरत नाही. शिपण्याचे पाट मातीचे. त्यांच्यावरून एक सायकल गेली तरी काठ फुटतो, पाणी भलत्या आळ्यात जातं आणि ओळीतली शेवटची झाडं कोरडी राहतात. मार्च-एप्रिलमध्ये चार पाळ्या चुकल्या तर सुपारी गळते. शिवाय आपण मधल्या जागेत जायफळ लावायचं म्हटलं, मिरवेल चढवायची म्हटली, तरी आधी ‘त्यांच्या’ वाटेचा विचार करायचा. आपल्याच आगरात.

आणि वाट आहे तेवढीच राहत नाही. आधी माणूस चालत जातो. मग तो सायकल हातात धरून नेतो, पुढे तिच्यावर बसून जातो. मग मुलगा मोटारसायकल घेतो. मग गॅसवाला सिलिंडर घेऊन विचारत येतो, ‘मागच्या घराला इथूनच ना?’ दर वेळची वाढ इतकी थोडी असते, की नेमक्या त्याच दिवशी तोंड उघडावं असं काही घडलेलं नसतं. आम्ही बोललो ते चिऱ्यांचा टेम्पो आत आला तेव्हा. त्यांना मागे पडवी वाढवायची होती. टेम्पो वळेना, म्हणून आमच्या गडग्याचे चार-सहा चिरे काढले गेले. मी बाहेर येऊन पाहिलं तर काढलेले चिरे कडेला व्यवस्थित रचून ठेवलेले. त्या रचलेल्या चिऱ्यांनी मला टेम्पोपेक्षा जास्त घाबरवलं. दांडगाई करणारा माणूस चिरे भिरकावतो. हा आपला हक्क आहे असं ज्याला मनापासून वाटतं, तो ते रचून ठेवतो.

तोवर आम्ही सगळे घरगुती उपाय करून पाहिले होते. पावसाळा संपल्यावर करवंदीच्या काट्यांची वई घातली. आठवड्यात तिला माणसापुरतं खिंडार पडलं. पाटी लावली, तिच्यावर त्यांच्या सूनबाईंनी मुलाचा रेनकोट वाळत घातला. कुत्रा पाळला, तर तो त्यांच्याकडे जेवायला जाऊ लागला, कारण त्यांच्याकडे रोज मासळी. अबोला धरून पाहिला. तो दोन्ही घरांतल्या बायकांना झेपला नाही. भाद्रपदात गौरीच्या दिवशी हळदीकुंकवाला तोंड फिरवून बसता येत नाही. खरं सांगायचं तर शेजारी वाईट असता तर फार सोपं झालं असतं. नवऱ्याला रात्री दम लागला, तेव्हा याच भावोजींनी गाडी आणून त्याला दापोलीला नेलं होतं. आणि गाडी आणायला ते गेले, तेही आमच्याच आगरातून.

पोलीस पाटलांनी ऐकून घेतलं आणि ही दिवाणी बाब आहे म्हणून सांगितलं. ते बरोबरच होतं. नुसतं कुणाच्या जमिनीत पाऊल टाकलं म्हणून फौजदारी गुन्हा होत नाही. त्यामागे गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमानाचा किंवा त्रास देण्याचा हेतू असावा लागतो. ‘आज उशीर?’ विचारणाऱ्या माणसावर कुठला हेतू चिकटवणार?

मग वकिलांकडे गेलो. त्यांनी नकाशा बाजूला सारला आणि विचारलं, ‘ते जातात ते तुम्हाला विचारून की न विचारता?’ मी जरा तावातच म्हटलं, ‘विचारतील कशाला? आमच्या डोळ्यांदेखत जातात.’ वकिलांनी पेन खाली ठेवलं.

त्या दिवशी जे समजलं ते मला आधी उफराटंच वाटलं. आपल्याकडे वहिवाटीच्या हक्कांचा कायदा 1882 चा आहे. त्याच्या पंधराव्या कलमानुसार, एखादा माणूस दुसऱ्याच्या जमिनीतून उघडपणे, शांततेने, खंड न पडता आणि हक्क म्हणून 20 वर्षं जात असेल, तर त्याला ती वाट हक्काने मिळते. यातला ‘हक्क म्हणून’ हा तुकडा महत्त्वाचा. जो मालकाच्या परवानगीने जातो त्याचा असा हक्क तयार होत नाही, तो 50 वर्षं गेला तरी. म्हणजे दारात थांबून ‘येऊ का?’ म्हणणाऱ्या सभ्य माणसाला काही मिळत नाही आणि मुकाट्याने छाती काढून जाणाऱ्याच्या खात्यात वर्षं जमा होत राहतात. आणि ती जमा कोण करतं? वाद नको, वाईटपणा नको म्हणून ओटीवर गप्प बसलेला मालक. आमच्या कोकणात याला भीड म्हणतात आणि तिचं कौतुकही करतात.

पुष्कळ विचार केल्यावर मला त्या कायद्यातला शहाणपणा थोडा दिसू लागला. तो मालकाला एवढंच सांगतो, की बाई, बोल. हो म्हण किंवा नाही म्हण, पण बोल. होकारानेही तुझी जमीन तुझीच राहते. ती जाते मौनाने. इतकी वर्षं आमच्यापुढे वाट द्यायची की अडवायची, हे दोनच पर्याय आहेत असं आम्ही धरून चाललो होतो. अडवायला मन होत नव्हतं, म्हणून विषय पुढे ढकलत होतो. वाट आपण होऊन, आपल्या अटींवर आणि बोलून द्यायची, हा तिसरा पर्याय कायद्याच्या पुस्तकात होता. मनात मात्र आला नव्हता.

वकिलांनी दुसरी गोष्ट सांगितली ती त्याहून मोलाची. सामाईक मिळकतीची वाटणी होते आणि एकाच्या हिश्शात जायला दुसऱ्याच्या हिश्शातूनच वाट लागते, तेव्हा ती गरजेची वाट मागायचा हक्क त्याच कायद्याच्या तेराव्या कलमात दिलेला आहे. ती मागायची मात्र वाटणीतल्या भावाकडे, बाजूच्या तिऱ्हाईताकडे नाही. धाकट्या भावोजींची वाट कायद्याने होती ती थोरल्यांच्या आगरातून. ते तोंड उघडून ती मागत नव्हते, कारण मागायची तर आधी भावाशी बोलायला हवं. भांडण त्या दोघांचं होतं आणि पाट आमचे फुटत होते.

‘आमच्या आजापासूनची वाट आहे ही,’ असं भावोजी म्हणायचे. त्याचा उलगडा त्यांच्या आईनेच केला. म्हातारी थोरल्याकडे राहायची. कान गेलेले, पण आठवण लख्ख. एकदा सगळे बसलेले असताना ती म्हणाली, ‘उन्हाळ्यात आमची विहीर मचूळ व्हायची. मग हिच्या सासूच्या विहिरीवर यायचे मी कळशी घेऊन. विचारून यायचे हो! विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या विहिरीवर कोण जातं?’ भावोजी काही बोलले नाहीत. वाट जुनी होती, यात खोटं काही नव्हतं. पण ती पाण्याची वाट होती, बायकांची होती आणि विचारून घेतलेली होती. नळपाणी योजना आली तशी ती बंद पडली आणि पुढे कित्येक वर्षांनी तिच्यावरून मोटारसायकल जाऊ लागली.

त्यांचा दुसरा मुद्दा पालखीचा. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी जाते, ती आमच्या खळ्यातून त्यांच्याकडे आगरातूनच जाते. ‘देवाला वाट आहे, मग आम्हाला कशी नाही?’ याला उत्तर वकिलाजवळ नव्हतं, गावकीतल्या एका बुजुर्गांजवळ होतं. ते म्हणाले, ‘पालखी तर माजघराच्या दारापर्यंत पण येते. तू जाशील काय तिथपर्यंत रोज?’ सगळे हसले. भावोजीही हसले. मला वाटतं बर्फ, म्हणजे आमच्याकडे बर्फ कुठला, गाठ जी काय होती ती पहिल्यांदा तिथे सैल झाली.

मोजणीबद्दल मात्र सावध करायला हवं. भांडण झालं की लोक सांगतात, ‘मोजणी आणा, दूध का दूध होईल.’ आम्ही तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज केला, पैसे भरले, बरीच वाट पाहिली. भूकरमापक आले, लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्या, खुणा ठोकल्या गेल्या. पुढे ‘क’ प्रत हातात पडली. तिच्यावरून समजलं ते असं, की गडग्याच्या अलीकडे माझ्या सासऱ्यांनी लावलेले दोन माड शेजाऱ्यांच्या गटात आहेत आणि शेजाऱ्यांच्या न्हाणीघराचा कोपरा आमच्या गटात. वाटेबद्दल काहीच नाही. असणारही नव्हतं. मोजणी हद्द सांगते. त्या हद्दीतून कोणी जायचं हे ती सांगत नाही. भावोजींनी त्या दोन माडांकडे एकवार पाहिलं आणि म्हणाले, ‘राहू द्या वहिनी, नारळ तुम्हीच काढा.’ न्हाणीघराबद्दल मग मलाही काही बोलता येईना. ज्यांना मोजणी आणायची आहे त्यांनी जरूर आणावी, फक्त ती आपल्याच बाजूने बोलेल असं धरून चालू नये.

कुलूप लावायचा मोह पुष्कळदा झाला. एका भाच्याने तर लोखंडी फाटकाचं माप घेऊन ठेवलं होतं. पण एकदम कुलूप लावलं की वादी आपण राहत नाही, समोरचा होतो. शेतजमिनीकडे जाणारी वहिवाटीची वाट अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा लावता येतो. आणि तिथे ‘बाईंनी म्हाताऱ्या शेजाऱ्याची वाट बंद केली’ हेच चित्र उभं राहिलं असतं. शिवाय मागच्या घरात कुणी आजारी पडलं असतं तर त्या फाटकासमोर मला कोणत्या तोंडाने उभं राहता आलं असतं?

मग 3 जून 2020 आला. निसर्ग वादळाबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलंय, मी वाटेपुरतंच लिहिते. दुपारनंतर वारा उतरला आणि दार उघडलं तर आगर नव्हतं. पोफळी एकावर एक आडव्या, माड मुळासकट उपटलेले, गडगा कुठे, पाट कुठे, काही ओळखू येत नव्हतं. रस्त्यापासून समुद्रापर्यंत सरळ नजर जात होती. आयुष्यात पहिल्यांदा मला आमच्या ओटीवरून लाटा दिसल्या. वीज नव्हती, फोन नव्हता. टाळेबंदीचे दिवस, मुंबईहून कुणाला येता येत नव्हतं. ज्या वाटेसाठी एवढं रामायण झालं, ती खोडांखाली कंबरभर गाडली गेली होती.

भावोजी आणि त्यांचा मुलगा तिकडून कोयते आणि करवत घेऊन खोडं तोडत येऊ लागले, आम्ही इकडून दोन गडी लावले. जुन्या जागी खोडांची उतरंड फार होती, म्हणून साहजिकच सगळे दक्षिणेच्या कडेने, पडलेल्या गडग्याच्या लगत सरकत गेले. दोन्हीकडचे लोक एकमेकांना भेटले, तेव्हा कडेकडेने एक नवी वाट तयार झाली होती. तिने एकही पाट ओलांडला नव्हता. मी ती पाहत उभी राहिले. इतकी वर्षं आम्ही जायचं की नाही यावर भांडत होतो. कुठून जायचं, हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

पोफळीचं नवं रोप लावलं की सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. लावणी नव्याने आखायची होतीच. त्याआधी मी भावोजींना बोलावलं आणि सांगितलं, ‘ही कडेची वाट मी तुम्हाला देते. जुनी विसरायची. आणि कागद करायचा.’

‘कागद कशाला, वहिनी? विश्वास नाही काय?’

विश्वास असतो तेव्हाच कागद करून घ्यावा, असं माझं बँकेतल्या नोकरीपासूनचं मत आहे. विश्वास उडाल्यावर कागदावर सही करायला कोण येतो? भावोजींना हे पटलं नाही. त्यांच्या मुलाला पटलं. वकिलांनी लिहून दिला तो परवानगीचा लेख, हक्काचा नव्हे. दक्षिणेच्या कडेने चार फुटांची वाट, पायी आणि दुचाकीने. चारचाकी आणायची असेल तर त्या त्या वेळी विचारायचं. आल्यागेल्यावर बेडं लावून घ्यायचं, कारण गुरं आत येतात. परवानगी त्या घरातल्या माणसांपुरती, जमीन विकली तर नव्या मालकाला ती लागू नाही. एका अटीवर वकील फार अडून बसले. वाटेवर त्यांनी फरशी, सिमेंट, काही पक्कं काम करायचं नाही. परवानगीवर विसंबून कुणी स्वतःच्या खर्चाने कायमचं बांधकाम केलं, तर ती परवानगी मागे घेता येत नाही, असं साठावं कलम आहे. चिखल झाला तर जांभ्याची खडी मी टाकायची, माझ्या पैशाने. खडीचा खर्च दर पावसाळ्याला येतो. तो मला स्वस्त वाटतो.

आणि दर वर्षी नारळी पौर्णिमेला त्यांनी एक नारळ आणून द्यायचा, परवानगी चालू असल्याची खूण म्हणून. ही कल्पना नवऱ्याची. पहिल्या वर्षी भावोजींनी आणलेला नारळ हद्दीपलीकडच्या त्या दोन माडांपैकी एकाचा होता. वादळात तो एकच उभा राहिला होता. माझ्या सासऱ्यांनी लावलेल्या माडाचा नारळ मी भाड्यापोटी घेतला.

आता कुणाच्या वाटेचं भांडण झालं की लोक माझ्याकडे येतात, याची मला गंमत वाटते. गावात तंटामुक्ती समिती आहे. 2007 साली राज्यभर ती मोहीम आली तेव्हापासूनची. पण समितीतले निम्मे एका बाजूचे पाहुणे, निम्मे दुसऱ्या बाजूचे. मी कुणाचीच पाहुणी नाही, हीच माझी पात्रता. येणाऱ्याला मी आधी विचारते, तो माणूस तुमच्यातून का जातो ते माहीत आहे का? बहुतेकांना ते माहीत नसतं. कधी जातो, काय नेतो, किती चिरे पाडले, सगळं पाठ असतं. का जातो, ते नसतं. कुणाच्या पाणंदीत पावसाळ्यात गुडघाभर पाणी साठतं. कुणाच्या रस्त्यावर कुत्री अंगावर येतात. एका घरातली मुलगी फक्त एका माणसाची ओटी टाळायला दुसऱ्याच्या बागेतून शाळेला जात होती. तिच्या बाबतीत तर वाट बंद करणं हाच गुन्हा झाला असता.

गेल्या वर्षापासून आमच्याकडे जमिनीचे दलाल फिरतायत. समुद्राकडच्या तुकड्यांना पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक आहे. भावोजींच्या मुलाला विकायचं आहे. दलाल बघायला आला, फोटो काढले, आणि जाता जाता विचारलं, ‘रस्ता क्लिअर आहे ना?’ मी ओटीवरच होते. भावोजी म्हणाले, ‘रस्ता नाही. पायवाट आहे, ती पण वहिनींच्या परवानगीची. जमिनीबरोबर जात नाही.’ दलालाने सांगितलेला भाव तिथल्या तिथे निम्म्यावर आला.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी धाकटे थोरल्यांच्या ओटीवर चढले. थोरल्यांनाही आता विकायचं आहे आणि पुढचा-मागचा तुकडा एकत्र दाखवला तर दोघांनाही भाव बरा येतो, हे दलालाने त्यांनाही सांगितलं होतं. रस्ता दहा फुटांचा ठेवायचा की बारा, यावर सध्या घासाघीस चालू आहे. मोजणीचा अर्ज या वेळी त्यांनी टाकलाय. लगतची खातेदार म्हणून नोटीस मला आली आहे, आणि न्हाणीघराच्या कोपऱ्याचं काय करायचं ते त्या दिवशी बघू, असं थोरले म्हणालेत.